कारणाचा रकाना

आज दुपारपर्यंत प्रवेश रद्द करण्याचे चार अर्ज माझ्या टेबलावर आले. तिघांनी कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' असे लिहिले होते आणि चौथ्याने तो कोराच ठेवला होता, म्हणून चौथा अर्ज मी नियमाप्रमाणे परत पाठवला. विद्यापीठाच्या नोंदणी विभागात इतकी वर्षे काम करताना हा रकाना भरला आहे की नाही एवढेच मी पाहत आले. त्यात काय लिहिले आहे याच्याशी माझा कधी संबंध आला नाही.

तो आला, 'उच्च शिक्षण' हाच विषय घेऊन मी पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातल्यावर. विद्यार्थी शिक्षण मध्येच का सोडतात याविषयी अमेरिकन अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये केलेली मांडणी गेल्या आठवड्यात वाचली. केवळ विद्यार्थ्याच्या कुवतीकडे बोट न दाखवता, संस्थेच्या शैक्षणिक आणि सामाजिक जीवनात तो कितपत मिसळला यावर त्याचे टिकणे अवलंबून असते, असे ते सांगतात आणि त्यासाठी समाजाशी नाते सैल झाले की आत्महत्येकडे कल वाढतो, या फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खिम यांच्या सिद्धांताचा आधार घेतात. समाजापासून तुटणे आणि संस्थेपासून तुटणे यांना शेजारी बसवणे मला प्रथम अतिरेकी वाटले होते. आज ते तीन 'वैयक्तिक' एकाखाली एक पाहताना तसे वाटले नाही. मात्र पुढे या मांडणीवर झालेली टीका मला अधिक पटते, कारण तिच्या केंद्रस्थानी पूर्णवेळ शिकणारा तरुण विद्यार्थी आहे आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांचे टिकणे बहुधा घर आणि कामाचे ठिकाण यांवरच ठरते. मी सहाच्या तासाला धापा टाकत पोहोचते, आठला निघते आणि निम्म्या सहाध्यायांची नावेही मला ठाऊक नाहीत. (तरीही मी टिकले आहे, हा टिंटोंच्या विरोधातला पुरावा मानण्याची घाई नको, अजून एक सत्र बाकी आहे.)

संस्थांच्या कारभाराचे अभ्यासक कार्ल वाइक यांनी १९७६ मध्ये शिक्षणसंस्थांना सैल जोडणीच्या संस्था म्हटले, म्हणजे ज्यांचे विभाग एकमेकांशी जोडलेले असूनही बरेचसे आपापल्या परीने चालतात, तेही याच सत्रात वाचले. त्याने कामात काही सुधारले नाही. आमचे परिपत्रक विभागांत पोहोचून तिथेच विरते ते विरतेच; फक्त त्याचा राग आता मी कुणा एका माणसावर काढत नाही.

खरी अडचण प्रबंधाची आहे. अर्धवेळ विद्यार्थी शिक्षण का सोडतात हा विषय मी घेतला, तेव्हा मनात असा सरळ हिशेब होता की सगळी माहिती माझ्याच संगणकावर आहे. मार्गदर्शक बाईंनी एकच प्रश्न विचारला, "ही यादी तुम्ही कोण म्हणून उघडणार?" कर्मचारी म्हणून ती मी रोज उघडते, पण संशोधक म्हणून उघडायची तर नैतिकता समितीची परवानगी आणि त्या विद्यार्थ्यांची संमती हवी. त्यातही मी मुलाखतीची विनंती केली, तर ज्यांची कागदपत्रे माझ्या हातून जायची आहेत ते मोकळेपणाने नाही म्हणू शकतील का, हा प्रश्न मला सुचायला हवा होता आणि सुचला नाही, याची खंत वाटली. आता विनंतीपत्र दुसऱ्या विभागातून जाणार आहे आणि ज्यांचे अर्ज माझ्याकडे प्रलंबित आहेत त्यांना मी वगळले आहे. समितीसाठीचा अर्ज तीनदा लिहून झाला. पहिल्या दोन खेपांना मी चिडले होते. तिसऱ्या खेपेस लिहिताना मला माझ्या टेबलाचे वजन पहिल्यांदा जाणवले.

या सगळ्यात स्वाध्यायाची तारीख उद्यावर आली आणि नोंदणीच्या गर्दीमुळे त्याचे एक पानही लिहून झालेले नाही. रात्री मुदतवाढीचा अर्ज भरायला बसले. कारण म्हणून 'कार्यालयीन कामाचा ताण' असे लिहिले आणि मग लक्षात आले की हा अर्ज आमच्याच विभागातून पुढे जातो, माझे वरिष्ठ तो वाचतात आणि ताण कोणी दिला हे त्यांना विचारावे लागणार नाही. ते खोडले आणि 'वैयक्तिक' असे लिहिले. उद्या शेजारच्या टेबलावरची सहकारी रकाना भरलेला पाहील आणि शिक्का मारील.