दगडू मादी निघाली तेव्हा

आमच्या लातूरच्या घरात कासवं आली ती २०१७ च्या दिवाळीत, लेकीच्या हट्टापायी. दुकानदारानं डोळ्यामागं लाल पट्टा असलेली, तळहातावर सहज मावणारी दोन हिरवीगार पिल्लं पाण्याच्या पिशवीत घालून दिली आणि म्हणाला, "ताई, जोडी आहे. एक नर, एक मादी." मी विश्वास ठेवला. आज कुणी असं बोललं तर मी तिथंच त्याला थांबवीन. लाल कानाच्या कासवाचं, म्हणजे रेड इअर्ड स्लायडरचं, एवढं पिल्लू नर की मादी हे बाहेरून बघून कुणालाच सांगता येत नाही. दुकानदाराला नाही आणि डॉक्टरलाही नाही.

मराठीत 'ते कासव' म्हटलं की भागतं, त्यामुळं आमचंही भागलं. नावं ठेवली बिट्टू आणि दगडू.

दुसऱ्या वर्षी दोघंही एकमेकांच्या तोंडासमोर पुढचे पंजे धरून नखं भराभर थरथरवायला लागली. नर मादीला असंच रिझवतो, हे मी वाचलं होतं. म्हणून ठरवून टाकलं, दोन्ही नर! ही माझी पहिली चूक. वयात न आलेली पिल्लं, मग ती नर असोत की मादी, अशी नखं हलवतात. त्यावरून निकाल लावायचा नसतो.

नर साधारण दोन ते पाच वर्षांत, पोटाकडचं कवच दहा सेंटीमीटरच्या आसपास झालं की वयात येतो. बिट्टूचं तसंच झालं. पुढच्या पायांची नखं लांब आणि किंचित वाकडी झाली, शेपूट बुडाशी जाड होत गेलं. एका सकाळी शेपटाखालून काळपट, मांसल काहीतरी बाहेर आलेलं दिसलं. आतडं बाहेर पडलं असं वाटून माझे हातपाय गळाले. दोन-तीन मिनिटांत ते आपोआप आत गेलं. ते त्याचं लिंग होतं. ते आत गेलं नसतं तर मात्र ओलं ठेवून लगेच डॉक्टरकडे धावावं लागतं. बिट्टूबद्दल त्या दिवसानंतर शंका उरली नाही.

दगडूची नखं मात्र आखूडच राहिली. मला वाटलं, हा जरा मागं पडलाय. ही दुसरी चूक, आणि जास्त मोठी. मादीला वयात यायला पाच-सात वर्षं लागतात आणि तोवर तिचं पोटाचं कवच पंधरा सेंटीमीटरच्या पुढं जातं. नखं आखूड आहेत एवढ्यावर लहान कासवाला मादी म्हणता येत नाही, तसं 'मागं पडलेला नर'ही म्हणता येत नाही. थांबावंच लागतं. दगडू अंगानं बिट्टूच्या दीडपट झाली तेव्हा तरी मला कळायला हवं होतं, कारण या जातीत मादीच मोठी असते.

मार्च २०२५ मध्ये आत्याबाई म्हणाल्या, "अगं, हे सारखं मागच्या पायानं काच उकरायलंय बघ. चार दिवस झाले, खायना सुद्धा." मी टँकपाशी जाऊन बसले. दगडू पाण्यात ठरत नव्हती, बाहेर यायला धडपडत होती.

आमच्याकडचे पशुवैद्य परभणीच्या महाविद्यालयात शिकलेले. त्यांनी दगडूला दोन्ही हातांनी कवचाच्या कडेला धरलं, टेबलापासून वीतभरच उचललं आणि हळूच तिरकं करून शेपूट दाखवलं. शेपटाखालचं छिद्र अंगालगत, कवचाच्या कडेच्या आतच होतं. नराचं ते कवचाच्या कडेच्या बाहेर, शेपटाच्या टोकाकडं सरकलेलं असतं. पोटाचं कवच खोलगट असलं की नर, असं मी ऐकलं होतं. ते म्हणाले, या जातीत तो खोलगटपणा इतका थोडा असतो की त्याच्या भरवशावर राहू नका. शेपूट आणि छिद्र बघा. मग एक्स-रे काढला. पोटात नऊ अंडी, स्पष्ट लांबट गोल.

मी सात वर्षं जिला 'तो' म्हणत होते तिच्या पोटात अंडी होती आणि घालायला चमचाभर मातीसुद्धा मी दिली नव्हती. मादीला जागा मिळाली नाही तर ती अंडी धरून ठेवते, आणि त्यात ती मरू शकते. नर जवळ नसला तरी मादी अंडी घालते. म्हणूनच नर-मादी ओळखणं ही हौसेची गोष्ट नाही.

त्याच संध्याकाळी जुन्या मोठ्या टबात चाळलेली वाळू आणि काळी माती मिसळून हातभर थर घातला, मूठ वळेल इतका ओलावा दिला. टब गच्चीच्या सावलीच्या कोपऱ्यात ठेवला आणि दगडूला त्यात सोडून आम्ही लांब झालो. दुसऱ्या दिवशी तिनं मागच्या पायांनी खड्डा केला, अंडी घातली, माती ओढून दाबली आणि पाण्याच्या दिशेनं निघाली. कासवी नजरेनं पिल्लं पोसते असं आत्याबाईंनी लहानपणापासून ऐकलेलं. ही मागं वळलीसुद्धा नाही. आत्याबाई त्याच मातीकडं बघत बराच वेळ उभ्या होत्या.

बिट्टू तिला सारखा पाठलाग करून चावायचा, म्हणून दोन वर्षांपूर्वीच त्याला वेगळं केलं होतं. पण जुन्या मिलनातूनही मादी फलित अंडी घालू शकते. ही जात मूळ अमेरिकेतली. आपल्या मांजरेत किंवा गोदावरीत सोडली तर इथल्या कासवांचं अन्न आणि ऊन खायची जागा बळकावते. त्यामुळं पिल्लं निघूच नयेत म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून अंडी त्याच दिवशी फ्रीजरमध्ये ठेवली. सोपं नव्हतं. लेक दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

आता लेक तिला दगडूबाई म्हणते. टँकचं पाणी बदललं की ते पेरूच्या झाडाला जातं. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेल्या गावात एक बादलीही ओतून देववत नाही.

चोवीस दिवसांनी दगडू पुन्हा काच उकरायला लागली. टब भरलेलाच होता.