तीन इंजिनांचं ७५७

आज अमेरिकेतल्या फिनिक्सच्या स्काय हार्बर विमानतळावर शेवटी ते दिसलं! पार्किंगच्या वरच्या मजल्यावर उन्हात उभा होतो. टॅक्सीवेवरून एक बोइंग ७५७ आलं, वळलं, आणि उजव्या अंगाला, पुढच्या दाराच्या मागे, पंखाचं खुंट फुटावं तसा आखूड खांब दिसला. विमानांची इंजिनं बनवणाऱ्या हनीवेल कंपनीचं 'टेस्टबेड', म्हणजे चाचण्यांसाठीचं विमान! नवं इंजिन त्या खांबाला लटकवायचं आणि आकाशात नेऊन मुद्दाम बंद करायचं, पुन्हा चालू करायचं, हवा तसा छळ करायचा. विमानाला फरक पडत नाही, कारण पंखाखालची स्वतःची दोन इंजिनं त्याला आरामात उडवतात.

हे अगदी सुरुवातीच्या ७५७ पैकी एक. १९८३ साली ईस्टर्न एअरलाइन्सकडे गेलं. ती कंपनी १९९१ मध्ये बुडाली. ७५७ बनवणंही २००४ मध्ये थांबलं. हे मात्र अजून कामावर! आत प्रवाशांच्या खुर्च्यांच्या जागी इंजिनिअर मंडळी स्क्रीन लावून बसतात. खरं सांगू, चकचकीत नव्या ड्रीमलायनरपेक्षा (बोइंग ७८७) मला असलं ठिगळ लावलेलं म्हातारं विमान जास्त आवडतं. ड्रीमलायनर काय, रोज दिसतं.

शिवाय याच्यावर हवामानाच्या रडारचीही चाचणी होते. म्हणजे बाकीचे पायलट ज्या वादळी ढगांना वळसा घालून जातात, ते ढग ही मंडळी शोधत फिरतात. घरी काय सांगून निघत असतील कोण जाणे!