लंडनमधली डोळे तपासायची जुनी यंत्रं

लंडनच्या चॅरिंग क्रॉस स्टेशनला लागूनच क्रेव्हन स्ट्रीट आहे, जुन्या जॉर्जियन घरांची. ३६ नंबरला बेंजामिन फ्रँकलिन राहायचा, तोच बायफोकल (एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर) चष्मेवाला, आणि चार पावलं पुढे कॉलेज ऑफ ऑप्टोमेट्रिस्ट्स ह्या डोळे तपासणाऱ्यांच्या संस्थेचं म्युझियम, १९०१ साली सुरू झालेलं. अपॉइंटमेंट घेऊनच गेलो होतो.

चष्मे भरपूर आहेत पण मला यंत्रं बघायची होती. डोळ्याच्या आत बघायचे जुने ऑप्थॅल्मोस्कोप बघून खरंच थक्क व्हायला होतं. डोळ्याची बाहुली काळी दिसते कारण आत गेलेला प्रकाश आल्या वाटेनेच परत फिरतो, आणि बघायला आपण तिथे वाकलो की आपलंच डोकं दिव्याच्या आड येतं! १८५० मध्ये हेल्महोल्ट्झ ह्या जर्मन शास्त्रज्ञाने तिरप्या काचांवरून प्रकाश आत सोडला आणि त्याच काचांमधून स्वतः बघितलं, बस, जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा दिसला. लगेच दोनेक वर्षांत मधे भोक पाडलेला आरसा आला. विजेचा दिवा नंतरचा, आधी पेशंटच्या शेजारी साधा दिवा ठेवायचे.

पण मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो ते शोट्झच्या टोनोमीटरपाशी, म्हणजे डोळ्यातलं प्रेशर मोजायच्या यंत्रापाशी. छोटंसं धातूचं यंत्र, पेशंटला आडवं झोपवून, डोळा बधिर करून थेट बुबुळावर टेकवायचं, मधला दांडा वजनाने किती आत दबतो ते काटा दाखवतो, कमी दबला म्हणजे डोळ्यात प्रेशर जास्त. डोळा बधिर करणं १८८४ नंतरच शक्य झालं, त्याआधी डॉक्टर बोटांनी दाबून अंदाज घ्यायचे. शोट्झचं हे यंत्र १९०५ चं. ह्याच नॉर्वेच्या शोट्झने त्याआधी १८८१ मध्ये पॅरिसला एमिल जावाल ह्या फ्रेंच डोळ्यांच्या डॉक्टरबरोबर बुबुळाची गोलाई मोजायचं यंत्र बनवलं होतं, आणि त्या जावालची दृष्टी पुढे काचबिंदूनेच गेली, ज्यात बहुतेकदा डोळ्यातलं प्रेशर वाढून नजर जाते. डोळ्यातलं प्रेशर मोजायचं शोट्झचं यंत्र आलं तोवर जावाल पूर्ण आंधळा झाला होता. हे आठवलं आणि पुढच्या कपाटाकडे जायला पाय उचलेना, कारण काचबिंदू आधी काही जाणवू देत नाही, चोरपावलांनी बाजूची नजर खातो, आणि गेलेली नजर परत येत नाही.

चष्म्याचा नंबर काढायच्या ट्रायल लेन्सच्या मखमली पेट्या सुंदर आहेत पण त्या भराभर बघितल्या तरी चालतील. टोनोमीटरला मात्र वेळ द्या, आणि चाळिशी उलटली असेल तर डोळ्यांचं प्रेशर तपासून घ्या.