लेहला निघताना आधी मुक्कामांची उंची मांडा

लडाखच्या सहलींची पत्रकं पाहिली की मला संताप येतो. सकाळी विमानाने लेह, दुसऱ्या दिवशी खारदुंग लाची खिंड, तिसऱ्या दिवशी पँगाँगचं तळं, पाच रात्रींत सगळं उरकलं! त्यात हॉटेलच्या खोलीतून काय दिसतं ते असतं, पण ती खोली किती उंचीवर आहे हे कुठेच नसतं. खिंडीत वीस मिनिटं थांबून खाली उतरलेलं शरीर सहसा निभावून नेतं. त्रास होतो तो उंचावर रात्र काढल्याने. म्हणून मी लेहचा आराखडा करताना कागदावर एकच रकाना आधी भरते: आज झोपायचं किती मीटरवर?

कळसूबाई १,६४६ मीटर. लेहचा विमानतळ जवळजवळ त्याच्या दुप्पट उंचीवर, सुमारे ३,२५० मीटर, आणि गाव ३,५०० मीटरच्या आसपास. हवेत ऑक्सिजन तिथेही २१ टक्केच असतो, पण हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाइतका उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. दिल्लीहून विमानात बसलेला माणूस दीड तासात सव्वातीन हजार मीटरवर पोचतो, शरीराला मात्र सवय व्हायला काही दिवस लागतात.

सगळे पहिली रात्र लेहमध्ये काढतात. मला त्यापेक्षा विमानतळावरून थेट सिंधूच्या प्रवाहाच्या दिशेने खाली, आल्चीला जाणं पटतं. श्रीनगरच्या रस्त्यावर साधारण ६५ किलोमीटर, आणि उंची ३,१०० मीटरच्या आसपास. लेहपेक्षा ४०० मीटर खाली झोपायला मिळतं. गावात चालायला फारसा चढ नाही, जर्दाळूची झाडं आहेत, आणि तिथल्या जुन्या मठातली भित्तिचित्रं बघण्यात दुपार सहज जाते. दोन रात्री तिथे, मग दोन लेहमध्ये. लेहच्या पहिल्या दिवशी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढू नयेत, तिथे गाडी जाते.

आता खरी मेख. खारदुंग लाच्या पलीकडचं नुब्राचं खोरं म्हणजे काहीतरी भयंकर उंच, असा समज आहे. प्रत्यक्षात तिथलं मुक्कामाचं गाव, हुंडर, ३,१०० मीटरवर आहे, म्हणजे लेहपेक्षा खाली. वाटेतला खारदुंग ला ५,३५९ मीटर (जुन्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असायचं, ते खरं नाही), पण तिथे फोटो काढून लगेच उतरायचं असतं. घोळ पुढे होतो. हुंडरहून श्योक नदीच्या काठाने थेट पँगाँगला जाता येतं, खिंड लागत नाही, म्हणून तो रस्ता सोपा वाटतो. पण पँगाँग सव्वाचार हजार मीटरवर आहे. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रात्रीला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा नियम आहे, आणि इथे एका दिवसात ती हजाराहून जास्त वाढते. लेहमध्ये नीट रुळलेली मंडळीही तळ्याकाठच्या तंबूत उलट्या करत रात्र काढतात ती यामुळे. मी मधली रात्र तळ्याअलीकडच्या तांगत्से गावात ठेवते, सुमारे ३,९५० मीटरवर. हुंडरहून मोजली तर हीही उडी नियमापेक्षा मोठी, पण लेहला ३,५०० मीटरवर रुळलेल्या शरीराला ती ४५० मीटरचीच पडते. तिथून तळं तासाभरावर आहे, दुपारभर काठावर बसून परत खाली झोपायला येता येतं. पहाटेचं तळं बघायचंच असेल तर दुसरी रात्र काठावर काढावी.

आजारी पडलं तर खाली उतरा, हे सगळेच सांगतात. पण पँगाँगहून लेहला यायचं तर आधी ५,३०० मीटरच्या वरची चांग ला ही खिंड चढावी लागते. ज्याला आधीच धाप लागलीय त्याला तिकडून नेणं धोक्याचं. श्योकच्या रस्त्याने खिंड न चढता खाली दिस्कितला जाता येतं, तिथे रुग्णालय आहे. रस्ता चालू आहे का, हे मुक्काम ठरवण्याआधी विचारावं, कारण उन्हाळ्यात तिथे नाल्यांचं पाणी चढतं.

डोकं दुखणं, भूक नसणं, मळमळ ही उंचीच्या आजाराची पहिली पायरी. यात आणखी वर जायचं नाही. बसल्याजागी धाप लागली, खोकला वाढला, किंवा टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालता येईना, तर सकाळची वाट बघू नये. रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ८५ टक्के दिसलं म्हणून लेहमध्ये घाबरायचं कारण नाही. गार बोटांवर तो खोटंही सांगतो, हात चोळून पुन्हा लावा. ऑक्सिजनचे छोटे डबे मिनिटांत संपतात, त्यांच्या भरवशावर वर जाऊ नये. उंचीचा त्रास टाळायचं औषध, ॲसिटाझोलामाइड, साधारणपणे १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, चढाईच्या आदल्या दिवसापासून घेतात. बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावं लागतं, ते अपेक्षितच आहे. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. झोपेच्या गोळ्या आणि दारू पहिले दिवस तरी नकोच.

बाइकने जाणाऱ्यांना मी श्रीनगरचा रस्ता सुचवते. कारगिल २,७०० मीटरच्या आत आहे, चढ हळूहळू मिळतो. मनालीहून पहिल्याच रात्री सरचूला, ४,२०० मीटरच्या वर, झोपणं हा या प्रवासातला सर्वांत वाईट मुक्काम. त्यापेक्षा बऱ्याच खालच्या जिस्पाला थांबावं. या मनालीच्या रस्त्यावर तांदीला टाकी भरली की पुढचा भरवशाचा पंप लेहच्या अलीकडे कारूला, सुमारे ३३० किलोमीटरवर. कॅनमध्ये किमान पाच लिटर हवंच, कारण चढावर गाडी जास्त पिते. नाले सकाळी लवकर ओलांडावेत, दुपारी बर्फ वितळून पाणी वाढतं. आणि मनालीत भाड्याने घेतलेली बाइक लेहच्या पुढे नुब्रा-पँगाँगला चालवू देत नाहीत, तिथली वेगळी घ्यावी लागते.

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, गटात दोघांकडे तरी पोस्टपेड असावं. परतीच्या विमानाआधी लेहमध्ये एक दिवस मोकळा ठेवा. विमानं बहुतेक सकाळीच उडतात, आणि ढग दरीत उतरले की त्या दिवसाची रद्द होतात.