नाइट मिळते, पगार नाही

"घामेजलेला अंगरखा तसाच ट्रंकेत गेला, तर उद्या सांगलीत पेटी उघडवणार नाही." नाटकाचे कपडे सांभाळणारे काका एकेक अंगरखा झटकून दोरीवर टाकत होते. प्रयोग संपला होता, बाहेर सेल्फी चालले होते. कपडेपटाचं काम अजून बरंच बाकी होतं.

मी विचारलं, "मुलगा येतो का हाताखाली?"

"नाही ताई. मीच नको म्हटलं. इथे नाइट मिळते, पगार नाही."

तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. नाइट म्हणजे त्या प्रयोगाचे पैसे. प्रयोग रद्द, तर हातात काही नाही. मालिकांमध्ये काम रोजचं असतं, पण बारा-बारा तासांची शिफ्ट आणि पैसे बरेचदा ९० दिवसांनी. बढतीचं तर बोलायलाच नको. ड्रेसमन म्हणून लागलेला माणूस बहुतेक वेळा ड्रेसमन म्हणूनच थांबतो.

याच काकांना मी विंगेतल्या अंधारात, दोन संवादांच्या अवधीत नटाचा अख्खा वेश बदलताना पाहिलंय. बंद कुठे, नाडी कुठे, सगळं बोटांना पाठ. एवढं कसब कुठल्या कोर्समध्ये शिकवतात?

कोल्हापूरच्या भानू अथैयांनी १९८३ साली भारताला पहिलं ऑस्कर मिळवून दिलं, तेही वेशभूषेसाठी. त्याचा आपल्याला अभिमान आहे, असायलाच हवा. पण ते कपडे रोज धुणाऱ्या, शिवणाऱ्या, सांभाळणाऱ्या माणसांचं काय?

नाटकवाल्या मित्रमैत्रिणींनो, ऐनवेळी रद्द झालेल्या प्रयोगाची निदान अर्धी नाइट कपडेपटाला देणं खरंच अशक्य आहे का?