पाटी बदलते, मग तुमचे असे काय? तुम्ही विचारलेत म्हणून

कोल्हापुरात कुठल्याही लग्नकार्यात ओळख निघाली की थोड्याच वेळात मला एक प्रश्न विचारला जातो. "ताई, तुमच्या शोरूमवरची पाटी तीनदा बदलली. गाडी दुसऱ्याची, नाव दुसऱ्याचे, किंमत ठरवणार दुसरा. मग त्यात तुमच्या घराण्याचे असे काय आहे?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, पण उभ्या-उभ्या दोन वाक्यांत याचे उत्तर देणे मला आजवर जमलेले नाही, म्हणून येथे सविस्तर लिहिते.

आमच्या धंद्याची सुरुवात गाडी विकण्यापासून झालीच नाही. आजोबांनी 1950 च्या दशकात दोन खणांचे दुरुस्तीचे गॅरेज टाकले, आणि ते चालले त्यामागे त्या काळातली एक मोठी घडामोड होती. जनरल मोटर्सने 1928 पासून मुंबईत सुटे भाग जोडून गाड्या तयार करायला सुरुवात केली होती आणि फोर्डही त्याच मार्गाने भारतात आली होती. परंतु 1953 मध्ये टॅरिफ कमिशनच्या, म्हणजे आयात-जकातीबद्दल सल्ला देणाऱ्या सरकारी आयोगाच्या, शिफारशीनुसार सरकारने असे धोरण स्वीकारले, की ज्यांना इथेच टप्प्याटप्प्याने संपूर्ण गाडी बनवायची असेल त्यांनीच राहावे. या दोन्ही कंपन्यांनी काम आवरले, पण त्यांच्या गाड्या रस्त्यावरच राहिल्या. संस्थानी काळातल्या शेव्हरोले (जनरल मोटर्सच्या) आणि फोर्ड गाड्या तेव्हा कोल्हापूर, सांगली, मिरज या भागात बऱ्याच होत्या, आणि त्यांचे सुटे भाग मिळणे दिवसेंदिवस अवघड होत गेले. आजोबा झिजलेली पिन किंवा बुश खिशात घालून उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या वस्तीत, जात, तिथल्या लेथवर तसाच भाग कातून घेत आणि स्वतः बसवत. ज्या गाडीची कंपनी निघून गेली आहे ती गाडी चालती ठेवणे, हा आमच्या घराचा पहिला धंदा होता. पुढचे सारे सांगताना मला पुन्हा पुन्हा याच गोष्टीकडे यावे लागणार आहे.

विक्री आली ती 1960 च्या दशकात, फियाटची उपएजन्सी मिळाल्यावर. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनत असे. आधीच्या गोल पाठीच्या गाडीला लोक 'डुक्कर फियाट' म्हणत. नंतर तिचे रूप बदलत गेले आणि 1970 च्या दशकात तिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले. 1,089 सीसीचे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर. गाडी तयार झाल्याचा निरोप आला की आमचा चालक एसटीने मुंबईला जाई आणि नवी गाडी खंडाळा, कात्रज, खंबाटकी असे घाट ओलांडत, इंजिन नवे म्हणून वेग आवरून, साताऱ्याला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात आणी. ती धुऊन पुसून ग्राहकाच्या हाती देण्यापूर्वी आजोबा स्वतः पंचगंगेच्या घाटापर्यंत चालवून बघत.

आज ऐकणाऱ्याला पटत नाही, पण त्या काळात मोटार विकावी लागत नसे. 1959 मध्ये मोटारींच्या वितरणावर आणि विक्रीवर सरकारी नियंत्रणाचा आदेश आला. गाडी नोंदवणाऱ्याने पोस्टाच्या बचत खात्यात ठरावीक रक्कम ठेवून ते खाते विक्रेत्याकडे तारण लावायचे आणि मग वाट पाहायची, असा क्रम होता. फियाटसाठी ही वाट कित्येक वर्षांची असे. नवी गाडी हातात पडताच ती मूळ किमतीहून अधिक दराने विकली जाई, म्हणून विकण्यावरही निर्बंध होते. अशा काळात विक्रेत्याचे खरे काम होते नोंदवही सांभाळणे, आणि आमची वही आजी सांभाळत असे. ती व्हर्नाक्युलर फायनल (मराठी सातवीची जुनी परीक्षा) झालेली होती आणि तिचे अक्षर आजोबांपेक्षा कितीतरी चांगले होते. क्रमांक, नाव, गाव, खात्याचा नंबर, दिनांक असे पाच रकाने तिने आखले होते. रकाने आखलेल्या त्या तीन वह्या आजही माझ्या टेबलाच्या खणात आहेत.

त्या वह्यांमध्ये एकच खाडाखोड आहे, आणि तिच्याबद्दल आमच्या घरात अजूनही दोन मते आहेत. पन्हाळ्याच्या बाजूच्या खेड्यांत रात्री-अपरात्री सायकलने जाणाऱ्या एका डॉक्टरांना आजोबांनी क्रम मोडून आधी गाडी दिली. ज्यांचा क्रमांक होता ते एका हायस्कूलचे मुख्याध्यापक होते. आजोबा स्वतः त्यांच्या घरी सांगायला गेले. मुख्याध्यापकांनी शांतपणे ऐकून घेतले, चहा दिला, आणि दुसऱ्या दिवशी नोंदणी रद्द करून पैसे परत मागितले. आजोबांनी एक पैसाही वर घेतला नव्हता, तरी वहीत खाडाखोड झाली याचे दुःख आजीला शेवटपर्यंत राहिले. मला तिचे म्हणणे बरोबर वाटते. डॉक्टरांची गरज मोठी होती यात शंका नाही, पण वही आमची नव्हती; ती रांगेत उभ्या असलेल्या सर्वांची होती.

14 डिसेंबर 1983 रोजी पहिली मारुती 800 ग्राहकाला मिळाली आणि रांगेचे जग हळूहळू संपत गेले. पद्मिनीचा ग्राहक आमच्या डोळ्यांदेखत कमी झाला. 1993 मध्ये मोटार उद्योगावरचे परवान्याचे बंधन उठले आणि पुढच्या चार-पाच वर्षांत एकामागून एक परदेशी कंपन्या आल्या. तोवर कारभार वडिलांच्या हाती आला होता. एका नव्या कंपनीची एजन्सी त्यांनी घेतली. त्या कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. कंपनीच्या नकाशाप्रमाणे काचेची दर्शनी भिंत, ठरावीक रंगाच्या फरशा, ठरावीक मापाची पाटी, असे सारे करण्यासाठी मंगळवार पेठेतल्या घराची कागदपत्रे बँकेत ठेवावी लागली. काही वर्षांतच त्या कंपनीने या देशातला पसारा आवरला. आम्हाला ते एका पत्राने कळले. कर्जाचे हप्ते मात्र पुढे नऊ वर्षे चालू होते.

त्यानंतर वडिलांनी जे केले ते माझ्या मते आमच्या घराण्याच्या इतिहासातले सर्वांत मोठे काम आहे. कंपनी गेली, पण आमच्याकडून गाडी घेतलेले तीनशेहून अधिक लोक इथेच होते, आणि त्यांच्या दृष्टीने गाडी कंपनीने नव्हे, आम्ही विकली होती. वडिलांनी बंद पडलेल्या दोन शोरूमचे सुटे भाग ठोक भावाने विकत घेतले. जे मिळाले नाही ते उद्यमनगरात करून घेतले, अगदी आजोबांसारखेच. पाटी उतरल्यावर दर्शनी भाग दीड वर्ष रिकामा होता, पण मागचे वर्कशॉप एक दिवसही बंद राहिले नाही. पुढे तिसऱ्या कंपनीचे अधिकारी जागा पाहायला आले, तेव्हा त्यांनी शोरूमपेक्षा वर्कशॉपमध्येच जास्त वेळ घालवला. एजन्सी मिळाली.

धंद्याचा हिशेबही तेच सांगतो. नव्या गाडीवर विक्रेत्याला मिळणारे कमिशन थोडे असते; त्यातले काही सवलतीत जाते, काही यार्डात उभ्या असलेल्या गाड्यांवरच्या व्याजात. कारण कंपनीकडून गाडी आम्ही आधी बँकेच्या पैशाने विकत घेतो, ग्राहक नंतर येतो. गाड्यांचा उठाव दसरा, दिवाळी, पाडवा आणि उसाच्या बिलांवर अवलंबून, तर पितृपंधरवड्यात शोरूममध्ये शुकशुकाट असतो. पगार भागतात ते जॉबकार्डांवर, म्हणजे वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला येणाऱ्या गाड्यांच्या कामावर.

मी 2011 पासून काम पाहते. माझ्या वाट्याला आलेला सर्वांत कठीण दिवस गुढीपाडव्याचा होता. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर 2018 च्या आदेशाप्रमाणे 1 एप्रिल 2020 पासून बीएस-4 या जुन्या प्रदूषण-मानकाच्या गाड्यांची विक्री आणि नोंदणी बंद होणार होती. हातातला साठा पाडव्यापर्यंत संपेल असे नियोजन आम्ही केले होते आणि त्या मुहूर्तावर एकोणीस गाड्या द्यायच्या होत्या. पाडवा 25 मार्चला आला आणि देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच ठरला. हार, नारळ, चाकाखाली ठेवायची लिंबे, सारे आणून ठेवलेले होते. दोन दिवसांनी न्यायालयाने उरलेल्या साठ्यापैकी दहा टक्के गाड्या टाळेबंदीनंतरच्या दहा दिवसांत विकण्याची मुभा दिली. जुलैमध्ये तीही मागे घेतली. वडील त्या काळात रोज सकाळी फोन घेऊन बसत आणि एकेका ग्राहकाला स्वतः परिस्थिती सांगत. ज्यांनी मागितले त्यांचे बुकिंगचे पैसे आम्ही महिन्याच्या आत परत केले. शेवटी दोन गाड्या अशा उरल्या की ज्यांची नोंदणी होऊच शकली नाही. त्यांतल्या एकीचे इंजिन आता वर्कशॉपमध्ये स्टँडवर बसवले आहे आणि आयटीआयमधून येणारी मुले त्यावर काम शिकतात.

2017 मध्ये जनरल मोटर्सने भारतातली विक्री पुन्हा एकदा थांबवली आणि 2021 मध्ये फोर्डने इथले उत्पादन बंद करण्याची घोषणा केली, तेव्हा या दोन्ही गाड्यांचे मालक आमच्याकडे विचारत आले. आम्ही त्यांच्यापैकी कुणाचेही विक्रेते नव्हतो. तरीही आमच्या कंपनीशी असलेल्या कराराला बाध येणार नाही अशा रीतीने, शेजारच्या गाळ्यात, त्यांच्यासाठी दोन बे (दुरुस्तीच्या जागा) वेगळे ठेवले.

आता विजेवरच्या गाड्या येत आहेत. त्यांना इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, फिल्टर थोडे. म्हणजे ज्या जॉबकार्डांवर आमचे घर तीन पिढ्या चालले ती कमी होणार, हे मला स्पष्ट दिसते. बॅटरी आणि उच्च दाबाच्या वायरिंगचे प्रशिक्षण घेण्यासाठी मागच्या वर्षी आमचे दोन मेस्त्री गेले होते. त्यांनी आणलेले रबरी हातमोजे जाड आहेत, त्यांवर विजेच्या दाबाची मर्यादा छापलेली आहे, आणि वापरण्यापूर्वी प्रत्येक वेळी ते हवा भरून तपासावे लागतात. ते तपासणे रोज सकाळी मी स्वतः बघते, आणि त्याची नोंद करायला नवी वही घातली आहे.