आईच्या पाच लाईफ आणि मुस्तफाचा कॉइन

गेल्या महिन्यात एक दिवस ऑफिसातून घरी आलो तर आई गॅलरीत मोबाईल मांडीवर घेऊन नुसती बसलेली. म्हटलं काय गं, बरं नाही वाटत का. तर म्हणाली, "काही नाही रे, लाईफ संपल्या, अजून अठरा मिनिटं आहेत." ती तो गोळ्या जुळवायचा गेम खेळते. त्यात पाच लाईफ, एक गेली की परत यायला अर्धा तास, आणि तेवढा दम धरवत नसेल तर पैसे भरा नाहीतर कुणाकडे तरी मागा. आदल्या दिवशी मावशीने तिला एक पाठवली होती म्हणे.

मी चहा घेऊन तिच्या शेजारी बसलो पण ती अठरा मिनिटं काही डोक्यातून जाईनात, कारण हे सगळं मी आधी बघितलेलं होतं.

लालबागला, ९५-९६ च्या सुमारास. भारतमाता टॉकीजकडून आमच्या चाळीकडे येताना एका गाळ्यात व्हिडिओ गेमचं पार्लर होतं, चार मशीन, एक पंखा आणि रुपयाला एक कॉइन. मुस्तफा तिथेच खेळलो. गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमने १९९३ ला काढलेला, पण आमच्यात ते नाव कुणाला माहीतच नव्हतं, चार कॅरेक्टरमधला टोपीवाला मुस्तफा सगळ्यांचा लाडका म्हणून गेमचं नावच मुस्तफा. मेलात की स्क्रीनवर उलटे आकडे सुरू व्हायचे, तेवढ्यात कॉइन टाकला तर जिथे पडलात तिथूनच उठणार, नाहीतर पहिल्यापासून. काय ताकद होती त्या आकड्यांत! दूध आणायला दिलेल्या सुट्ट्यातला रुपया टाकलाय मी त्यांच्यापायी. आई शोधत यायची आणि हाक न मारता दारात उभी राहायची, मला पाठीला कळायचं की आली.

तेव्हा वाटायचं गेम अवघड आहे म्हणजे भारी आहे. पण पार्लरवाल्याच्या बाजूने बघा ना, एक पोरगं एका रुपयात तासभर मशीनला चिकटून राहिलं तर त्याला कसं परवडणार, म्हणून शत्रू त्या बेताने, लाईफ त्या बेताने, आणि गेम किती कडक ठेवायचा हे बऱ्याच मशीनच्या आतल्या सेटिंगमधून मालकाला ठरवता पण यायचं. ते उलटे आकडे आणि आईची अठरा मिनिटं सख्खी भावंडं आहेत.

म्हणून जुने गेम आणि नवे गेम यावर गप्पा निघाल्या आणि लोक फक्त ग्राफिक्सवर बोलत बसले की मला राहवत नाही. ग्राफिक्स सुधारले ते आंधळ्यालाही कळेल, पण गेमवाल्याला पैसे कधी मिळतात ते बदललं की गेमची उडीसुद्धा बदलते, हे मात्र कुणी बोलत नाही.

मधे एक काळ असा आला की पैसे आधीच दिलेले असायचे. घरातला टीव्हीचा गेम, कॅसेटवाला. आमच्याकडे आला तो वडिलांच्या बोनसमधून, आणि त्यावर मारिओ. सुपर मारिओ ब्रदर्स १९८५ चा, आपल्याकडे पोचेपर्यंत दहा वर्षं झाली होती तरी आम्हाला नवाकोरा. अख्खा गेम ४० केबीचा आहे! सकाळी व्हॉट्सअॅपवर येणारा गुलाबाचा फोटोसुद्धा त्याहून मोठा असतो. जागा नाही म्हणून त्यातला ढग आणि झुडूप एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा, खोटं वाटत असेल तर नीट बघा. मारिओला मिशी आणि टोपी पण त्यातूनच आली, मोजून थोड्या ठिपक्यांत तोंड आणि केस काढता येईनात म्हणून. स्पेस इन्व्हेडर्सचं तर अजून भारी आहे, १९७८ चा गेम, स्क्रीनवर ५५ एलियन, बिचाऱ्या प्रोसेसरला ते सगळे हलवता हलवता दम लागायचा, तुम्ही जसजसे मारत जाल तसतसं त्याचं काम हलकं आणि उरलेले एलियन पळत सुटायचे. हे कुणी ठरवून केलं नव्हतं. गेम बनवणाऱ्या निशिकादोंनी ते बघितलं आणि तसंच ठेवलं, आणि जसं पुढे जाल तसा गेम कडक होत जातो ही आपली आजची सवय तिथून घट्ट झाली.

पण मला सांगायचंय ते मारिओच्या पहिल्या लेव्हलबद्दल. त्यात एकही सूचना लिहिलेली नाही. मारिओ स्क्रीनच्या डाव्या बाजूला उभा, उजवीकडे सगळं मोकळं, म्हणजे आपोआप उजवीकडेच जाणार. तिकडून तो तपकिरी मश्रूमसारखा प्राणी चालत येतो, पहिल्यांदा खेळणारा त्याला धडकून मरतो, आणि काही नुकसान नाही कारण गेम सुरू होऊन पाच सेकंद पण झालेली नसतात. दुसऱ्या वेळी उडी मारतो. उडी मारली की डोकं प्रश्नचिन्हाच्या चौकोनावर आपटतं, कॉइन निघतो. बाजूच्या चौकोनातून खरा मश्रूम निघतो, तो पुढे जातो, पाइपला आपटतो आणि उलटा तुमच्याच अंगावर येतो, वर विटा आहेत म्हणून नीट उडी मारून चुकवता पण येत नाही, लागतो, आणि मारिओ मोठा होतो. झालं, शिकलात. लेव्हलच्या शेवटी दोन जिने समोरासमोर येतात, मधे जमीन आहे, पडलात तरी काही होत नाही, आणि लगेच पुढे तसेच दोन जिने ज्यांच्या मधे खड्डा आहे. पोहायला शिकवताना कमरेएवढ्या पाण्यातून आधी चालवतात तसं. मारिओ बनवणाऱ्या मियामोतो आणि तेझुका यांनी हे कागदावर हाताने आखलं होतं. मला आजही तो जिना बघितला की त्या माणसांबद्दल आदर वाटतो, कारण त्यांनी समोरच्या पोराला हुशार धरलं होतं.

आता याच्या शेजारी पबजी मोबाईल ठेवा, २०१८ चा. फुकट गेम, म्हणजे तुम्ही उद्या परत आलात तरच त्यांचं पोट भरणार. म्हणून पहिल्या मॅचेसमध्ये समोर बरेचसे बॉट असतात, म्हणजे गेमच चालवतो ते खोटे खेळाडू, नीट गोळी मारता न येणारे, आणि नवीन माणूस पहिल्या दिवशी चिकन डिनर, म्हणजे जिंकल्याची शाबासकी, घेऊन झोपतो. मारिओतला पहिला शत्रू तुम्हाला शिकवायला मारतो, इथले पहिले शत्रू तुम्ही थांबावं म्हणून मरतात. मग रोजचं लॉगिन बक्षीस, सीझन पास, अमुक तारखेच्या आत नाहीतर गेलं. माझ्या भाच्याला दहावीच्या प्रिलिममध्ये रात्री बारा वाजता "फक्त आजचं मिशन" म्हणून बघितलंय मी, कुठला गेम ते सोडा, त्याला मजा येत नव्हती हो, चेहऱ्यावर लाईट बिल भरायच्या रांगेतला भाव होता.

आणि तरी जुनं ते सोनं असं मी म्हणणार नाही. आमच्या चाळीतल्या एका मित्राच्या उजव्या हाताची बोटं लहानपणापासून वळत नाहीत. पार्लरमध्ये तो कायम बाजूला उभा, आमचे कॉइन सांभाळायचा आणि कुठला बॉस कधी उडी मारतो ते ओरडून सांगायचा, आमच्यापेक्षा जास्त माहिती त्याला, पण खेळला कधीच नाही. द लास्ट ऑफ अस पार्ट टू २०२० ला आला त्यात अॅक्सेसिबिलिटीच्या, म्हणजे अपंग माणसालाही खेळता यावं म्हणून केलेल्या, ६० पेक्षा जास्त सेटिंग आहेत, एका हाताने खेळायची बटणांची मांडणीसुद्धा. त्याने तो पूर्ण केला. रात्री दीडला फोन केला मला, पहिली दोन मिनिटं काही बोलताच आलं नाही त्याला. सेलेस्ट नावाच्या उड्या मारायच्या गेममध्ये तर (२०१८) कडा संपल्यावरही क्षणभर उडी लागते, म्हणजे तुमचा पाय हवेत गेलाय पण गेम म्हणतो ठीक आहे, तुला मारायची होती ना, घे. पार्लरच्या मशीनने ही माया कधी दाखवली असती? त्याला तुमचा पुढचा रुपया हवा होता.

एका बाबतीत मात्र जीव हळहळतो. व्हाइस सिटी, तो शहरभर गाड्या पळवायचा गेम, आम्ही सायबर कॅफेत तासावर खेळायचो आणि त्या शहराचे रस्ते मला आजही लालबाग-परळसारखे पाठ आहेत, कारण तिथे कुणी वाट दाखवत नव्हतं. त्याच मालिकेतल्या २००८ च्या जीटीए फोरमध्ये नकाशावर जीपीएसची रेघ आली आणि मग ती जवळपास सगळीकडेच आली. मोठमोठे गेम चाळीस-पन्नास तास खेळतो मी आणि नंतर एक गल्ली आठवत नाही, डोळा पूर्ण वेळ त्या रेघेवर. म्हणून २०१७ चा ब्रेथ ऑफ द वाइल्ड इतका जवळचा वाटला, समोर डोंगर दिसतोय, चढ, वरून काय दिसतं ते बघ, खूण करायची तर तू कर. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० ला राजी नावाचा गेम काढला तेव्हा पण छाती भरून आली होती, आपल्या मातीतली गोष्ट, सुरुवात आहे, शेवट आहे, रोज हजेरी लावायला कुणी सांगत नाही.

तर आई. भाच्याच्या स्विचवर, त्या हातात धरून खेळायच्या मशीनवर, जुना मारिओ आहे, तो मी मागच्या रविवारी तिच्या हातात दिला आणि काहीच सांगितलं नाही, मुद्दाम. पहिल्याच प्राण्याला धडकून गेली. "हे काय रे!" दुसऱ्यांदा उडी मारली, डोकं आपटलं, कॉइन निघाला, हसली. मश्रूम अंगावर यायला लागला तर ओरडली आणि मोठी झाल्यावर गप्पच झाली. जिन्यांपाशी पोचायला तिला चार दिवस लागले. लाईफ संपायच्या पण वाट बघायला कुणी सांगायचं नाही, लगेच परत सुरू.

काल १-२ मध्ये होती, जमिनीखालच्या लेव्हलमध्ये. शेवटाकडे ती वर जाणारी लिफ्ट येते तिच्यावर उभी राहिली आणि वरच्या विटांकडे बघून म्हणाली, "अरे, ह्याच्या डोक्यावरून चालत गेलं तर चालतं का?"

मला माहितेय वरून गेलं की काय आहे. चाळीत ज्याला ते पहिल्यांदा सापडलं त्याच्या घरी दोन दिवस अख्खा मजला गोळा झाला होता. मी काही बोललो नाही. आत कुकरच्या शिट्ट्या व्हायला लागल्या, तीन झाल्या, चौथी झाली, ती काही हलेना, शेवटी मीच उठून गॅस बंद केला.